रविवारी सुट्टी घेणारे ढेकूण

आमच्या जाऊबाईंना सगळी गल्ली मास्तर म्हणते. बाईमाणूस असून मास्तर, आणि त्यांना त्याचं केवढं भूषण! कुणी 'टेलरबाई' अशी हाक मारली तर त्यांना ऐकूच येत नाही. मोठे भावजी गेले तेव्हा "आता हे दुकान काही चालत नाही" असं ज्यांनी ज्यांनी तोंड वर करून सांगितलं होतं, त्या सगळ्यांच्या पँटी आज मास्तरच शिवतात, आणि कमरेचं माप घेतलं की आकडा जरा मोठ्यानेच उच्चारतात.

मी धाकटी जाऊ; आमचं घर एकच. काजं-बटणं, हातशिलाई, इस्त्री आणि गिऱ्हाइकांशी भांडणं ही खाती माझी. मास्तरांना भांडता येत नाही. समोरचा तावातावाने बोलायला लागला की त्या त्याच्या कॉलरकडे बघत बसतात आणि मधेच विचारतात, "ही कुणी शिवली हो?" म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आमचे हे म्हणतात, दुकानात तुझा सराव होतो आणि घरी आम्हाला भोगावा लागतो. म्हणू देत.

तर हाताची गोष्ट. काही वर्षांपूर्वी मास्तरांच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या, औषधपाणी झालं, बाई खडखडीत बऱ्या झाल्या. पण डावा हात मागे राहिला. काखेतून अंगातलं पाणी वर जायची जी वाट असते ती बंद झाली, आणि ते पाणी हातातच साचायला लागलं. उजव्या हाताच्या शेजारी डावा ठेवला तर वाटावं, दुसऱ्याच कुणाचा हात शिवताना चुकून इथे जोडला गेलाय. हे मी नाही म्हणत, मास्तरच म्हणतात.

डॉक्टरबाईंनी दिवसभर घालायला एक घट्ट लवचिक बाही दिली, मनगटापासून खांद्यापर्यंत. मास्तरांनी ती उलटी करून शिवण बघितली आणि तोंड असं केलं की जणू कुणी शिवी दिली. "ह्याला बाही म्हणतात? मी अशी दिली असती तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकली असती." पण घातली. घालतात रोज.

बाहीपेक्षा जड होते ते नियम. त्या हातावर इंजेक्शन नाही, रक्तदाब मोजायचा नाही, घड्याळ नाही, मनगटाला काही आवळायचं नाही. आणि मुख्य म्हणजे कातडीला ओरखडासुद्धा उठू द्यायचा नाही, कारण त्या हातात जंतू शिरला की त्याला हुसकून लावायला कुणी नसतं. झालंच काही, तर लगेच साबण-पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, मलम लावायचं, स्वच्छ पट्टी लावायची, आणि लक्ष ठेवायचं. लाल झालं, गरम लागलं, थंडी वाजली की उठायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा.

शिंप्याला सांगायचं की हाताला सुई लागू देऊ नका! म्हणजे माशाला सांगायचं, पोह बाबा, पण अंग ओलं करू नकोस.

"रक्त आलं की पहिल्यांदा काय करता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"थुंकी लावते," मास्तर म्हणाल्या.

"जखमेला?" डॉक्टरबाई जवळजवळ किंचाळल्याच.

"छे हो! कापडाला." आपल्या रक्ताचा डाग आपल्याच थुंकीने निघतो, हे शिंप्याच्या पोटातलं ज्ञान. मास्तरांनी ते त्यांना नीट समजावून सांगितलं.

"आणि बोट?"

"बोट काय, बोट नंतर. बोट कुठे पळून जातंय?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. तेव्हापासून दुकानात साबण, मलम आणि पट्ट्या यांचा डबा आला, आणि कुणी "आई गं" म्हणालं की त्याचा हात धरून नळाखाली नेणं हेही खातं माझ्याकडे आलं. एकदा मी गिऱ्हाइकालाच नेलं. कोट घालताना ते सहज "आई गं" म्हणाले होते.

एवढं करूनही दोन हिवाळ्यांपूर्वी व्हायचं ते झालं. कात्रीचं टोक लागलं, मास्तरांनी मला ताकास तूर लागू दिली नाही, हातातलं काम संपवत बसल्या, आणि हात कोपरापासून काखेपर्यंत लालभडक झाला. तापाने फणफणल्या. दवाखान्यात ठेवावं लागलं. दोन दिवस तर त्यांना आम्हीसुद्धा ओळखू येत नव्हतो. माझी पाचावर धारण बसली होती, हे आता सांगते.

तेव्हा त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे चिरंजीव, धावत आला. गुणी पोरगा, आईवर जीव, पण बोलण्यात अगदी फटकळ. घराण्यात ते एकट्या माझ्यातच आहे असं नाही. दवाखान्याच्या दारातच त्याने जाहीर केलं, "आई, आता शेवटचं सांगतो. हा हात पुन्हा एकदा पिकला की दुकानाला कुलूप. मशीन विकायचं आणि तू माझ्याकडे राहायला यायचं. खोली तयार आहे."

खोली मी बघितलीय. उंचावर आहे, हवेशीर आहे, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. मास्तर एकदा तिथे आठवडाभर राहून आल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, तिथे दिवसभर मी लोकांचे पडदे बघून शिवण ओळखत बसायचे." मशीन गेलं तर ही बाई सहा महिन्यांत वाळून जाईल, हे मला दिसत होतं. आणि माझं काय? सगळा जन्म ज्यांच्या समोर बसून बडबडले त्या निघून गेल्यावर मी घरी बसून आमच्या ह्यांचं तोंड बघू?

चिरंजीव दर रविवारी येतो. चहा घ्यायच्या आधी म्हणतो, "आई, हात दाखव." नाक्यावर सामान तपासतात तसा हात उलटासुलटा करून बघतो, "छान आहे" म्हणतो, मग चहा घेतो.

आता परवाचं सांगते. एका हॉटेलातल्या सगळ्या वाढप्यांचे पांढरे कोट शिवायचं काम आलं. पांढरं कापड, अंगाबरोबर बसणारा कोट, प्रत्येकाची ट्रायल. वाढपीही कसे, एक काठी तर दुसरा पिंप. मास्तर खुशीत होत्या. पडद्यामागे एकेकाला उभं करायचं, कोट चढवायचा, टाचण्या लावायच्या, पुढचा बोलवायचा. मी पडद्याच्या अलीकडे, रस्त्याकडे तोंड करून काजं करत बसलेली.

एका संध्याकाळी मी मास्तरांची बाही उतरवायला मदत करत होते तर दंडावर आतल्या बाजूला लाल ठिपके. बारीक, आणि अगदी एका ओळीत.

"हे काय?"

"कुठे काय?" मास्तरांनी मान वाकडी करून बघितलं. ऑपरेशनपासून तिथली कातडी वरवर बधिर आहे, टोचलेलं-चावलेलं त्यांना कळत नाही. "काहीतरी चावलं असेल."

धुतलं, टिपलं, मलम, पट्टी. दुसऱ्या दिवशी नवी ओळ. मी त्यांना ओढत डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी भिंग लावून बघितलं. "ओळीत आहेत म्हणजे ढेकूण असू शकतात," त्या म्हणाल्या. "घरात ढेकूण झालेत का?"

माझ्या घरात ढेकूण! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण ह्या हातापुढे माझी अब्रू काय घेऊन बसायची? घरी आले आणि सगळं घर डोक्यावर घेतलं. गाद्या उन्हात, चादरी उकळत्या पाण्यात, पलंगाचे पाय वेगळे. आमच्या ह्यांना मी पलंगाच्या फटी तपासायला बसवलं, तर ते टॉर्च घेऊन गेले आणि पलंगाखालीच झोपले. औषध फवारणारा बोलावला. तो तोंडाला फडकं बांधून घरभर हिंडला आणि जाताना म्हणाला, "बाई, एकही दिसला नाही. फार हुशार जात दिसते." वर हे उघड्या दारात उभं राहून म्हणाला, त्यामुळे मी गाद्या कशासाठी वाळवतेय हे गल्लीत सगळ्यांना कळलं. समोरची शेजारीण तर आठवडाभर आमच्याशी लांबूनच बोलत होती, खाजवत.

आणि ठिपके? रोज नवे! मी त्यांची मोठ्याने उजळणी करायचे, मास्तर चिडायच्या. मांजराला मी घराबाहेर काढलं. बिचारं खिडकीत बसून माझ्याकडे बघायचं.

रविवारी चिरंजीव येऊन गेला. हात बघितला, "छान आहे" म्हणाला, चहा प्यायला, गेला. मी मनात म्हणतेय, ह्याला ठिपके दिसले नाहीत कसे? तो गेल्यावर बघते तर दंडावरची पट्टी गायब. "आंघोळीत सुटली," मास्तर म्हणाल्या. मी नवी लावली. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की आज नवी ओळ नाही. मागच्या रविवारीही नव्हती.

मी इस्त्री हातात धरून उभीच राहिले. रविवारी सुट्टी घेणारा ढेकूण? आठवडाभर कामाला येतो, संध्याकाळी जातो, आणि रविवारी दुकान बंद असलं की हासुद्धा घरी? हा ढेकूण नव्हे, हा आमच्याकडे कामाला आहे!

सोमवारी मी काजं तशीच टाकली आणि पडद्याच्या फटीला डोळा लावला. आत एक लांबच लांब वाढपी हात पसरून उभा. मास्तर त्याच्या पाठीवरचं कापड चिमटीत धरून टाचणी लावताहेत. जास्तीची टाचणी निघाली. उजवा हात सरळ डाव्या दंडाकडे गेला, टाचणी बाहीत खोचली, परत आला. दुसरी निघाली. खुप्प. तिसरी. खुप्प. एका ओळीत, बरोबर सारख्या अंतरावर. शेवटी हात कुणाचा!

मी पडदा ओढला. "मास्तर! हातात टाचण्या खोचताय तुम्ही!"

"काय बोलतेस!" त्या खरोखरच दुखावल्या. "माझा हात सांभाळायला मला कळत नाही? मी कशाला हातात टाचण्या खोचीन?" आणि हे बोलता बोलता आणखी एक खोचली. खुप्प.

वाढपी बेशुद्ध पडायचा तेवढा बाकी होता.

मग उलगडा झाला. आधी त्यांच्या डाव्या मनगटाला टाचण्यांची छोटी उशी इलॅस्टिकने बांधलेली असायची. डॉक्टरबाई म्हणाल्या, मनगटाला आवळायचं नाही. मास्तरांनी निमूटपणे उशी काढली. पण उजव्या हाताला ते कोण सांगणार? तो बिचारा सगळा जन्म डावीकडे टाचणी खोचत आलेला. त्याला डावीकडे छान ताणलेलं, जाड, मऊ कापड सापडलं. ट्रायल नसली तेव्हा कळलं नाही, कोटांचं काम आलं आणि हाताला जुनं वळण आठवलं. बहुतेक टाचण्या कापडातच राहायच्या आणि पुढच्या कोटाला लागायच्या, काही आत पोचायच्या, आणि तिथे तर बधिर.

मी हसायला लागले ते थांबेचना. मास्तरही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या दिवशी टाचण्यांसाठी टेबलावर लोहचुंबकाची वाटी आली आणि मांजराची जाहीर माफी मागून त्याला घरात घेतलं.

हसू दुसऱ्या दिवशी दुपारी जिरलं. मास्तर कोटाची कॉलर बसवत होत्या आणि मला म्हणाल्या, "पंखा बंद कर गं, गारठलेय." पंखा बंदच होता.

मी बाही उतरवली. ज्या ठिपक्यांची पट्टी आंघोळीत सुटली होती, तिथे तळहाताएवढं लाल झालेलं आणि भाकरीच्या तव्यासारखं तापलेलं.

"उठा," मी म्हटलं.

"एवढी कॉलर होऊ दे."

"मास्तर, उठा!"

"अगं, औषधाने कातडी लाल झाली असेल. घरभर फवारलंस तू. मला तर वाटतं ते कमीच होतंय."

"कमी होतंय? बरं, खुणा करू," मी म्हटलं. त्यांनी लगेच शिवणखडू उचलला. मी हिसकावून घेतला. "हा खडू सगळ्या गावाच्या पँटींवरून फिरलाय! हाताला लावाल तर बघा." डॉक्टरबाईंनी मागे दवाखान्यात पेनाने केलं होतं तसं मी लालसर भागाच्या कडेने पेनाने रेघ ओढली आणि फोन लावायला गेले. फोन लागायला वेळ लागला, मग डॉक्टरबाईंच्या मदतनीस बाईंनी मला तीनदा तेच विचारलं, मी त्यांना चारदा तेच ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, ताबडतोब आणा. परत आले तर कॉलर झाली होती आणि मास्तर हातावर टेप धरून बसल्या होत्या. लाली रेघ ओलांडून अर्धा इंच बाहेर गेली होती.

मास्तर माझ्याशी खोटं बोलतात, डॉक्टरबाईंशी बोलतात, मुलाशी तर सराईतपणे बोलतात. पण टेपशी त्यांनी जन्मात कधी वाद घातला नाही. टेप गुंडाळली, बाजूला ठेवली.

"चल," त्या म्हणाल्या. "आणि त्याला फोन कर."

"कुणाला? चिरंजीवाला?" माझा कानांवर विश्वास बसेना. "अहो, तो दुकान बंद करेल."

"कर म्हणते ना."

डॉक्टरबाईंनी लगेच औषधं सुरू केली. बाही सध्या घालायची नाही, हात उशीवर उंच ठेवायचा, आणि सकाळपर्यंत ताप उतरला नाही तर भरती. "ह्या वेळी वेळेवर आलात," त्या म्हणाल्या, आणि मास्तर शाळेत शाबासकी मिळाल्यासारख्या माझ्याकडे बघायला लागल्या. वाटेत मी त्यांना जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं.

सकाळी ताप उतरला होता. लाली डॉक्टरबाईंनी ओढलेल्या नव्या रेघेपाशी येऊन थबकली होती. मी हुश्श म्हणतेय तोवर चिरंजीव दारात. रात्रभर झोपला नसावा, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. आत आला, आईच्या कपाळाला हात लावला, आणि लगेच तो हात पुढे केला.

"आई, दुकानाची किल्ली दे."

मी पदर खोचून भांडायच्या तयारीने उठले. तेवढ्यात मास्तरांनी उशीखालून किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. मी तिथेच खाली बसले.

"घे," त्या म्हणाल्या. "पण का पिकला ते ऐकून जा. डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं मी धुतलं होतं, मलम लावलं होतं, पट्टी लावली होती. ही तुझी काकू लावतेच, सोडते का ती? रविवारी तू येणार म्हणून मी पट्टी काढली. आणि ठिपके दिसू नयेत म्हणून वर तोंडाची पावडर फासली."

मी तोंडाला हात लावला. आंघोळीत सुटली म्हणे!

"पावडर?" चिरंजीव म्हणाला.

"हो. तू बघितलंस आणि म्हणालास, छान आहे." मास्तरांचा आवाज चढला नाही, त्यांना चढवता येतच नाही. "दोन वर्षं हेच चाललंय. काही लागलं की मला हाताची भीती वाटत नाही रे, आधी तुझी वाटते. ह्याला दिसलं तर मशीन जाईल. ह्याला दिसलं तर ती खोली. मग लपव, झाक, पट्टी काढ. काल पहिल्यांदा मला जिवाची भीती वाटली, म्हणून तुझी वाटली नाही आणि फोन करायला सांगितला. आता मी काही लपवायची नाही. ने किल्ली."

तो किल्ली मुठीत धरून पलंगाच्या कडेवर बसला. एवढा मोठा बाप्या, पण लहानपणी कापडांच्या ढिगावर झोपायचा तेव्हा जसा दिसायचा तसाच मला दिसला, आणि मला त्याचा राग येईना. यायला हवा होता.

"मग मी काय करायला हवं होतं?" तो शेवटी म्हणाला. "तू सांग. मला तर दरवेळी तो दवाखानाच दिसतो."

"काही नाही. हात लाल दिसला तर आधी दुकानाचं नाव काढू नकोस. आधी मला विचार, दुखतंय का."

किल्ली त्याने आईच्या उशाशी ठेवली. उशीवरचा तो सुजलेला, लाल, पेनाच्या रेघा ओढलेला हात बराच वेळ बघितला. ह्या वेळी उलटासुलटा केला नाही, नुसताच बघितला.

"दुखतंय का, आई?"

आजवर ह्या बाईंनी ऑपरेशननंतरही "ठीक आहे" सोडून दुसरं उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

"हो रे," मास्तर म्हणाल्या आणि त्यांना रडूच फुटलं. "फार दुखतंय."